हजार फर्नांदोंची लेकरं

१८ डिसेंबर २०२२ ला कतारमधल्या लुसैल मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाच्या मधल्या फळीत एन्झो फर्नांडेझ खेळत होता आणि फ्रान्सच्या बचावफळीत तिओ हर्नांडेझ. मेस्सी आणि एमबापे समोरासमोर उभे असताना या दोघांच्या आडनावांकडे कोण बघतंय! पण आडनावांचा नाद असलेल्या माणसाला तो सामना वेगळ्याच कारणाने गमतीचा वाटला असता. फर्नांडेझ आणि हर्नांडेझ ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. एकाने जुना ‘फ’ जपला, दुसऱ्याचा तो वाटेत गळून पडला. आणि तरीही हे दोघं एकमेकांचे भाऊबंद असतील असं मानायला काडीचाही आधार नाही.

हे कसं, ते कळायला हजारेक वर्षं मागे, उत्तर स्पेनच्या डोंगराळ मुलखात जावं लागेल. त्याआधी आपल्याच नावांकडे एकदा बघू.

मराठी माणूस पूर्ण नाव सांगतो तेव्हा तीन गोष्टी सांगतो: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं नाव दर पिढीला बदलतं, आडनाव बदलत नाही. आता समजा, आपल्याकडे आडनाव हा प्रकारच नाही. नुसतं ‘विनायक गणेश’, म्हणजे गणेशचा विनायक. विनायकला मुलगा झाला की तो ‘मोरेश्वर विनायक’. दहाव्या-अकराव्या शतकात कास्तीलमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनच्या उत्तर-मध्य भागात, नेमकी हीच पद्धत होती. फरक इतकाच की वडिलांच्या नावाला ते लोक शेवटी एक शेपूट जोडत. आपण मराठीत लिहिताना त्या शेपटाचं ‘एझ’ करतो. त्याचा अर्थ ‘चा’ किंवा ‘ची’. फर्नांडेझ म्हणजे फर्नांदोचा.

कास्तीलच्या सरदारांची एक वंशावळ बघितली की हे लगेच ध्यानात येतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गोन्सालो फर्नांडेझ नावाचा काउंट, म्हणजे प्रांताचा मुख्य सरदार, होता. फर्नांदोचा गोन्सालो. त्याच्या मुलाचं नाव फर्नान गोन्सालेझ, म्हणजे गोन्सालोचा फर्नान. (फर्नान हे फर्नांदोचंच छोटं रूप.) कास्तीलला जवळजवळ स्वतंत्र करणारा म्हणून स्पॅनिश लोककथांत गाजलेला हाच तो माणूस. तो ९७० मध्ये वारला. त्याच्यामागून त्याचा मुलगा गार्सिया फर्नांडेझ गादीवर आला. मग त्याचा मुलगा सांचो गार्सिया, आणि सांचोचा मुलगा गार्सिया सांचेझ. या शेवटच्याचा १०२९ मध्ये लिओन शहरात खून झाला आणि ही पुरुषशाखा तिथेच संपली.

पाच पिढ्या, एकच घराणं, एकच गादी, आणि दर पिढीला नावाचा दुसरा भाग बदललेला. आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते यांच्यापैकी एकालाही नव्हतं. गंमत म्हणजे सांचो गार्सियाच्या नावाला शेपूटही नाही. गार्सिया हे मुळात माणसाचं नावच होतं, बहुधा बास्क भाषेतून आलेलं. ते बापाचं नाव म्हणून लावताना बहुतेक वेळा तसंच ठेवत. आज ते स्पेनमधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव आहे.

मुलींनाही हेच शेपूट. फर्नान गोन्सालेझच्या मुलीचं नाव उर्राका फर्नांडेझ. स्कँडिनेव्हियात मुलाला ‘सन’ आणि मुलीला ‘डॉटर’ अशी वेगळी शेपटं असत, स्पेनमध्ये तो भेद नव्हता.

आता मूळ नावाकडे, म्हणजे फर्नांदोकडे वळू. हे नाव स्पॅनिश वाटतं, पण त्याचं कूळ जर्मानिक आहे. रोमन साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा गॉथ नावाच्या टोळ्यांपैकी एक शाखा, व्हिसिगॉथ, इ. स. ४१८ मध्ये रोमशी करार करून आजच्या नैऋत्य फ्रान्समध्ये वसली. ५०७ मध्ये फ्रँक नावाच्या दुसऱ्या जर्मानिक टोळ्यांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांचं राज्य पिरेनीज डोंगररांगेच्या दक्षिणेला सरकलं. तोलेदो ही त्यांची राजधानी झाली. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमान फौजा आल्या आणि काही वर्षांत ते राज्य कोसळलं. गॉथ संख्येने थोडे होते. त्यांची भाषा तर राज्य पडायच्या आधीच विरत चालली होती. तिची फार थोडी खूण स्पॅनिशमध्ये उरली. पण नावं उरली, आणि चांगली ठणठणीत उरली: रोद्रिगो, अल्फोन्सो, गोन्सालो, अल्वारो, फर्नांदो.

याचं कारण राजकीय होतं. उत्तरेच्या डोंगरात टिकून राहिलेली छोटी ख्रिस्ती राज्यं स्वतःला बुडालेल्या गॉथ राज्याची वारस समजत. गॉथ नाव ठेवणं म्हणजे खानदानी असल्याची खूण. राजाने, सरदाराने ठेवलं की गावकऱ्यानेही ठेवायचं, हे जगात सगळीकडेच चालतं.

फर्नांदो हा दोन गॉथ शब्दांचा जोड आहे. दुसरा तुकडा ‘नांथ’, त्याचा अर्थ धाडस. पहिल्या तुकड्यावर विद्वानांत दोन मतं आहेत. काही म्हणतात तो ‘प्रवास’ या अर्थाचा, काही म्हणतात ‘शांतता, संरक्षण’ या अर्थाचा. त्यामुळे नावाचा अर्थ कुठे ‘धाडसी प्रवासी’ असा दिलेला आढळतो, तर कुठे ‘धाडसाने शांतता राखणारा’. मला यात फारसा रस वाटत नाही. आठशे सालच्या एखाद्या शेतकऱ्याने पोराचं नाव फर्नांदो ठेवलं तेव्हा त्याला गॉथ भाषेचा गंधही नव्हता. जुन्या लॅटिन दस्तांत हे नाव ‘फ्रेदेनांदुस’ असं सापडतं, आणि त्याचा मुलगा ‘फ्रेदेनांदिझ’. बोलता बोलता मधली अक्षरं झिजली आणि राहिलं फर्नांडेझ.

या नावाची एक उलटी सफरही झाली. १५०३ मध्ये माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेसला एक राजपुत्र जन्मला. आईचे वडील, अरागॉनचा राजा फर्नांदो, यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं. हा मुलगा पुढे ऑस्ट्रियाला गेला, सम्राट झाला, आणि हॅब्सबर्ग घराण्यात ‘फर्डिनांड’ हे नाव घेऊन गेला. १९१४ मध्ये सारायेव्होत ज्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तो फ्रान्झ फर्डिनांड याच परंपरेतला. म्हणजे जर्मानिक नाव स्पेनमध्ये गेलं, तिथे हजार वर्षं राहून बदललं, आणि पाहुणा म्हणून परत जर्मन मुलखात आलं.

शेपटाचं, म्हणजे ‘एझ’चं मूळ काय? यावर अजून एकमत नाही. लॅटिनमध्ये षष्ठी विभक्तीला, म्हणजे आपल्या ‘चा-ची-चे’ला, शेवटी ‘इस’ किंवा ‘ई’ लागायचं. त्यावरून हे आलं असं बरेच जण मानतात. काहींना त्यात बास्क भाषेतला किंवा रोमनांच्याही आधीच्या स्थानिक भाषांमधला प्रत्यय दिसतो. काहींनी गॉथ षष्ठीकडे बोट दाखवलं आहे. बहुधा एकमेकांसारख्या दोन-तीन प्रत्ययांची सरमिसळ झाली असावी, असं माझं मत. एवढं खरं की शेपूट सगळीकडे ‘एझ’च नाही: दिएगोचा दियास, मुनियोचा मुन्योस, फोर्तूनचा ओर्तिस. आणि आपण लिहितो तो ‘झ’ तर स्पॅनिश बोलणारा कोणीच उच्चारत नाही. माद्रिदचा माणूस तिथे जीभ दातांमध्ये घालून ‘थ’च्या जवळचा आवाज काढतो, मेक्सिकोचा माणूस सरळ ‘स’ म्हणतो. हर्नांडेझमधला ‘ह’ मुका आहे, ‘ड’ खरं तर मऊ ‘द’ आहे. तेव्हा मेक्सिकोतल्या हर्नांडेझला मराठी वृत्तपत्र वाचून दाखवलं तर स्वतःचं नाव त्याला पटकन ओळखू यायचं नाही. तो स्वतःला ‘एर्नांदेस’ म्हणतो. आपल्या वाचकांच्या सवयीचं म्हणून मी मात्र इथे हर्नांडेझच लिहिणार आहे.

तर तो ‘फ’ गळाला कसा?

दिव्यावर फुंकर घालताना ओठ कसे होतात ते करून बघा. दोन्ही ओठ एकमेकांच्या जवळ येतात, दातांना लागत नाहीत. जुन्या कास्तीलमध्ये ‘फ’ बहुधा असाच, फुंकरीसारखा उच्चारत. आता ओठ किंचित सैल सोडा. फुंकर जाते, उरतो तो नुसता श्वास. हाच ‘ह’. आणि श्वासाचाही कंटाळा केला की तोही जातो. लॅटिनमधल्या शब्दाच्या सुरुवातीच्या ‘फ’चं कास्तीलमध्ये अगदी हेच झालं. पिठाला लॅटिनमध्ये ‘फारिना’ म्हणत, स्पॅनिशमध्ये ते ‘आरिना’. धूर ‘फूमुस’ होता, झाला ‘उमो’. मुंगी ‘फोर्मिका’ होती, झाली ‘ओर्मिगा’. या सगळ्या शब्दांत लिहिताना सुरुवातीला अजून एच आहे, गेलेल्या आवाजाची खूण म्हणून. काही शब्दांत मात्र ‘फ’ वाचला. त्याच्यापाठोपाठ ‘वे’सारखा आवाज असेल तर ओठ आधीच गोल झालेले असतात, मग तो सुटत नाही. म्हणून आग ‘फ्वेगो’च राहिली.

हे कास्तीलमध्येच का घडलं? विसाव्या शतकातले मोठे स्पॅनिश भाषातज्ज्ञ रामोन मेनेन्देझ पिदाल यांनी याचं श्रेय शेजारच्या बास्क भाषेला दिलं. कास्तीलचा जन्म झाला तो मुलूख बास्क प्रदेशाला लागून आहे, आणि जुन्या बास्कमध्ये ‘फ’ हा आवाज नव्हता. ज्यांच्या तोंडात तो बसत नव्हता त्यांनी त्याचा ‘ह’ केला आणि सवय पसरली. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण नकाशा त्यांच्या बाजूने बोलतो. पश्चिमेच्या गालिसियात आणि पोर्तुगालमध्ये ‘फ’ शाबूत राहिला. पूर्वेला कातालोनियातही राहिला. मधल्या कास्तीलमध्ये गेला, आणि कास्तीलची सत्ता जसजशी दक्षिणेला उतरली तसतसा तिच्याबरोबर हा मुका ‘ह’ही उतरला.

फर्नांदोचा एर्नांदो झाला आणि फर्नांडेझचा हर्नांडेझ झाला तो या ओघात. पंधराशेच्या सुमारास कारकुनांच्या लेखणीतही ‘एफ’ जाऊन ‘एच’ येऊ लागला होता, पण नियम असा नव्हता. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसला कागदोपत्री फर्नांदो, एर्नांदो आणि एर्नान अशी तिन्ही नावं लागलेली दिसतात. माणूस एकच, तोही साधासुधा नाही. जिथे त्याच्याच नावाचा ठिकाणा नाही, तिथे खेड्यातल्या शेतकऱ्याच्या नावाची काय कथा.

मग सगळेच हर्नांडेझ का झाले नाहीत? दोन कारणं आहेत. एक, वायव्येच्या अस्तुरियास, गालिसिया या भागांत बोलीतच ‘फ’ टिकला होता, तिथले फर्नांडेझ तसेच राहिले. आजही अस्तुरियासमध्ये फर्नांडेझ हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. हर्नांडेझची दाटी तुम्हाला सालामान्का, आविला, मुर्सिया आणि कॅनरी बेटांवर दिसेल. दुसरं कारण म्हणजे राजे. कास्तीलचा राजा फर्नांदो तिसरा, ज्याला पुढे १६७१ मध्ये संतपद मिळालं, आणि कास्तीलची राणी इसाबेला हिचा नवरा, अरागॉनचा फर्नांदो, या दोघांची नावं दस्तऐवजांत ‘फ’नेच लिहिली गेली. लेखी परंपरेने बोलीवर मात केली, आणि एर्नांदो हे नाव हळूहळू मागे पडलं. आज मुलाचं नाव एर्नांदो क्वचित ठेवतात, फर्नांदो सर्रास. आडनावं मात्र तोवर गोठली होती. ज्यांचं ‘ह’वर गोठलं ते हर्नांडेझ, ज्यांचं ‘फ’वर गोठलं ते फर्नांडेझ.

हे गोठणं कधी झालं, याला एक तारीख नाही. साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात बापाचं नाव लावायची पद्धत सुटत गेली आणि आजोबांचं, पणजोबांचं ‘एझ’वालं नाव तसंच पुढे चालू लागलं. ‘एल ग्रान कापितान’ म्हणून स्पेनमध्ये पोवाड्यातल्या नायकासारखा मान असलेला सेनापती गोन्सालो फर्नांडेझ दे कोर्दोबा १४५३ मध्ये जन्मला. त्याच्या वडिलांचं नाव पेद्रो. जुन्या पद्धतीने तो गोन्सालो पेरेझ व्हायला हवा होता. पण १२३६ मध्ये मुसलमान राजवटीकडून कोर्दोबा शहर घेताना फर्नान नुन्येझ नावाचा एक पूर्वज गाजला होता, आणि ‘फर्नांडेझ दे कोर्दोबा’ हे त्या घराण्याला चिकटलं ते कायमचं. त्याचाच थोरला भाऊ मात्र ओळखला जाई आलोन्सो दे आगिलार या नावाने, कारण आगिलारची जहागीर त्याच्याकडे होती.

सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, हे आज विचित्र वाटतं. त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे. स्पेनमध्ये मायोराझगो नावाची व्यवस्था होती. आपल्या वतनासारखी, वाटणी न होता थोरल्याकडे जाणारी मिळकत. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांनी तिला पक्की चौकट दिली. अशी मिळकत मिळायला पुष्कळदा अट असे: आमचं आडनाव आणि आमचं कुलचिन्ह लाव. आपल्याकडे दत्तक गेलं की आडनाव बदलतं, तिकडे वतन घेतलं की बदलायचं. मग एक मुलगा बापाचं आडनाव लावणार, दुसरा आजीचं, तिसरा मामाचं. चित्रकार वेलास्केझ (जन्म सेव्हिया, १५९९) आज त्याच्या आईच्या आडनावाने जगप्रसिद्ध आहे. बापाचं आडनाव रोद्रिगेझ दे सिल्वा होतं. कवी गोंगोराचंही तसंच, गोंगोरा आईकडचं, बापाचं आर्गोते. कादंबरीकार सेर्वान्तेसने तर उतारवयाकडे झुकताना ‘साबेद्रा’ हे आडनाव जोडून घेतलं, जे त्याच्या ना बापाचं होतं ना आईचं. नात्यातल्या कुणाचं तरी होतं, आणि ऐकायला भारदस्त होतं.

वंशावळी शोधणाऱ्यांची इथेच तारांबळ उडते. आडनावाचा धागा धरून मागे गेलं की सोळाव्या शतकात तो हातातून सुटतो. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नांच्या वह्या ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे त्या पुढच्या काळात थोडा आधार मिळतो. त्याआधीचं चित्र, सरदार घराणी सोडली तर, धूसरच.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. दहाव्या ते पंधराव्या शतकांत स्पेनमध्ये हजारो फर्नांदो होऊन गेले. त्यातल्या कुणाचाही मुलगा फर्नांडेझ. ज्या पिढीत गोठलं त्या पिढीचा फर्नांडेझ, तिथून पुढे सगळे फर्नांडेझ. म्हणजे या आडनावाचा मूळ पुरुष एक नाही, हजारो आहेत, आणि ते एकमेकांना ओळखतही नव्हते. आपल्याकडे प्रत्येक गावात कुलकर्णी होता आणि प्रत्येक गावात पाटील होता, पण म्हणून सगळे पाटील एका आजोबांचे नातू नाहीत, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तसंच हे. २०१९ ते २०२३ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फर्नांडेझ आणि उपराष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फर्नांडेझ दे किर्चनेर. बाहेरच्या माणसाला वाटावं नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण. दोघांचं काहीच नातं नव्हतं, आणि पुढे तर पटतही नव्हतं.

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या मोजणीत पहिलं आडनाव (तिथे माणसाला दोन असतात, ते पुढे येईल) फर्नांडेझ असलेले सुमारे ९ लाख लोक आहेत, हर्नांडेझ साडेतीन लाखांहून अधिक. म्हणजे मायदेशात ‘फ’वाले पुढे. अटलांटिक ओलांडला की पारडं फिरतं. मेक्सिकोत हर्नांडेझ हे देशातलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते सगळ्या आडनावांत अकरावं होतं, दहा लाखांहून अधिक लोकांचं. अर्जेंटिनात मात्र फर्नांडेझ जास्त. याचा खुलासा बराचसा स्थलांतराच्या वेळेत आहे. मेक्सिको जिंकलं गेलं १५१९ ते १५२१ मध्ये, आणि सुरुवातीला तिथे गेले ते मुख्यतः अंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा आणि कास्तीलचे लोक, ज्यांच्या तोंडी तेव्हा ‘ह’ होता. अर्जेंटिनाची मोठी भरती झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, आणि त्यात ‘फ’ जपलेल्या गालिसियाचे लोक इतके होते की अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट ‘गायेगो’ म्हणजे गालिसियन म्हणतात.

मेक्सिकोतल्या लाखो हर्नांडेझांपैकी बहुतेकांच्या अंगात स्थानिक आदिवासी रक्त आहे. बाप्तिस्मा देताना पाद्री, धर्मपिता किंवा जहागीरदार यांचं नाव नव्या ख्रिस्ती माणसाला मिळे. स्पेनमध्येही हेच घडलं. १४९२ मध्ये ज्यूंसमोर धर्म बदला नाहीतर देश सोडा असा पर्याय ठेवला गेला, पुढे मुसलमानांवरही तीच वेळ आली. धर्म बदललेल्यांनी गर्दीत मिसळून जाणारी नावं घेतली, आणि फर्नांडेझइतकी गर्दी दुसरीकडे कुठे मिळणार? १५६८ मध्ये ग्रानादाच्या आल्पुखारास डोंगरात ज्यांना मोरिस्को म्हणत त्या धर्मांतरित मुसलमानांनी बंड केलं, त्यांच्या म्होरक्याचं बाप्तिस्म्याचं नाव होतं फर्नांदो दे वालोर. बंडात तो अबेन उमेया झाला.

म्हणूनच ‘एझ’ने संपणारी आडनावं ज्यूंची, किंवा अमुक आडनाव म्हणजे नक्की मूर, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या मुसलमानांचं, अशी जी छातीठोक विधानं समाजमाध्यमांवर फिरतात त्यांना अर्थ नाही. २०१५ मध्ये स्पेनने हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायचा कायदा केला, तेव्हा ‘तुमचं आडनाव यात आहे का बघा’ अशा लांबलचक याद्या जगभर फिरल्या. नुसत्या आडनावावर नागरिकत्व मिळणार नव्हतं. तीच गोष्ट ‘फर्नांडेझ घराण्याचं कुलचिन्ह’ चौकटीत घालून विकणाऱ्या दुकानांची. कुलचिन्ह एखाद्या घराण्याला मिळत असे, आडनावाला नाही. चित्र सुंदर असतं, भिंतीवर शोभतंही. तुमचं नसतं, एवढंच.

फिलिपिन्समध्ये तर आडनावं सरकारने अक्षरशः वाटली. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला. तिथल्या लोकांत ‘दे ला क्रूझ’, ‘दे लोस सांतोस’ अशा धार्मिक नावांचा इतका सुळसुळाट होता की कर कुणाकडून घ्यायचा तेच कळेना. मग साठ हजारांच्या वर आडनावांची एक अकारविल्हे सूची छापली आणि प्रांताप्रांतांना तिची पानं धाडली. पानं अक्षरांप्रमाणे गेल्यामुळे काही गावांत सगळ्या घरांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावाचं ‘आर’ अक्षर यासाठी प्रसिद्ध आहे. चार पिढ्या एकच आडनाव लावल्याचं दाखवणाऱ्यांना तेवढी सूट होती. तेव्हा स्पॅनिश आडनावाचा फिलिपिनो माणूस भेटला तर त्याचा पूर्वज स्पेनचा समजू नका. तो बहुधा सूचीतल्या पानावरचा आहे.

मराठी वाचकाला एव्हाना वसई, गोवा, मंगळूर आठवलं असेल, आणि १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिसही. हे फर्नांडिस स्पॅनिश शाखेचे नाहीत, पोर्तुगीज शाखेचे. मूळ तेच, गॉथ फर्नांदो. पण पोर्तुगीजमध्ये शेपटाच्या शेवटी झेडऐवजी एस लिहितात: फर्नांडिस, रॉड्रिग्स, गोन्साल्विस, लोपीस. स्पॅनिशमधल्या फर्नांडेझ, रोद्रिगेझ, गोन्सालेझ, लोपेझ यांची ही चुलतभावंडं. आणि पोर्तुगीजने ‘फ’ सोडला नाही, तिकडे पीठ अजून ‘फारिन्या’ आहे आणि मुंगी ‘फुर्मिगा’, म्हणून गोव्यात हर्नांडिस कधी झालेच नाहीत. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचं राज्यही स्पेनच्याच राजाच्या हाती होतं, म्हणजे तेव्हा गोवा आणि वसईचा धनीही तोच. पण कारभार आणि चर्चच्या वह्या पोर्तुगीजच राहिल्या, नावंही.

१५१० नंतर गोव्यात आणि १५३४ नंतर वसईत ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वाटेनेच आली, पाद्र्याच्या किंवा धर्मपित्याच्या नावावरून. एका घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या धर्मपित्यांपुढे उभे राहिले तर आडनावं वेगळी व्हायची. मेक्सिकोतल्या हर्नांडेझचं आणि मंगळुरी फर्नांडिसचं हे साम्य मला मोठं गमतीचं वाटतं: दोघांच्याही आडनावात एका गॉथ माणसाचं नाव आहे आणि दोघांचाही त्या गॉथशी बहुधा संबंध नाही.

राहिला प्रश्न असा, की एवढे फर्नांडेझ असताना स्पेनमध्ये एकमेकांना ओळखतात कसे? उत्तर आहे दुसरं आडनाव. स्पॅनिश माणूस दोन आडनावं लावतो, पहिलं वडिलांचं पहिलं, दुसरं आईचं पहिलं. वरच्या वर्गात ही चाल जुनी होती, १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने ती सगळ्यांना लागू केली. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. आपल्या अनेक मैत्रिणींना बँकेत आणि पासपोर्टच्या कचेरीत मारावे लागणारे खेटे तिथल्या बायकांना मुळातच ठाऊक नाहीत.

पहिलं आडनाव फार गर्दीचं असलं की लोक दुसऱ्यानेच हाक मारतात. चित्रकार पाब्लो रुइझ पिकासो, कवी फेदेरिको गार्सिया लोर्का, माजी पंतप्रधान होसे लुइस रोद्रिगेझ झापातेरो. जग त्यांना पिकासो, लोर्का, झापातेरो म्हणतं. नाटककार लेआंद्रो फर्नांडेझ दे मोरातीनही नुसता मोरातीन झाला. पण या व्यवस्थेत आईचं आडनाव एका पिढीपुरतं टिके, नातवंडांपर्यंत पोचत नसे. १९९९ च्या कायद्याने आई-वडिलांना क्रम ठरवायची मुभा दिली, तरी काही ठरलं नाही तर बापाचंच आधी येई. ३० जून २०१७ पासून तेही गेलं. आता मूल झाल्यावर नोंदणीच्या अर्जात दोघांनी क्रम लिहून द्यायचा, आणि एकमत झालं नाही तर मुलाचं हित बघून नोंदणी अधिकारी ठरवतो. गर्दीचं फर्नांडेझ मागे ठेवून आईचं विरळ आडनाव पुढे घेता येतं.

आई आणि वडील दोघंही फर्नांडेझ असले तर मात्र क्रमाचा वादच उरत नाही. अस्तुरियासमध्ये अशी घरं कमी नाहीत. त्या मुलाच्या ओळखपत्रावर छापून येतं ‘फर्नांडेझ फर्नांडेझ’, आणि गावात त्याला घराच्या नावाने ओळखतात.